सूत्राचा कर्ता कोण?

दरवर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच ओळ लिहितो :

श = स + त × क

आणि सांगतो, "श म्हणजे शेवटचा वेग, स म्हणजे सुरुवातीचा वेग, त म्हणजे त्वरण आणि क म्हणजे काळ. हे सूत्र तुम्हा सर्वांना पाठ आहे. आता मला यातून त काढून द्या."

वर्गात दहावीला गणितात नव्वदच्या वर गुण मिळवलेली मुले असतात. तरीही दोन-तीन मिनिटांनी वह्या पाहिल्या की तीन प्रकारची उत्तरे सापडतात. पहिले, त = श − स − क. दुसरे, त = श − स ÷ क. आणि तिसरे, त = (श − स) ÷ क. यांपैकी फक्त तिसरे बरोबर आहे. पहिले उत्तर लिहिणाऱ्याला विचारावे, "हा क वजा कसा झाला?" तर तो आत्मविश्वासाने सांगतो, "सर, बाजू बदलली की चिन्ह बदलते!"

विद्यार्थीमित्रांनो, हा नियम तुम्हीही ऐकला असेल. तो खोटा नाही, पण अर्धवट आहे. आणि खोट्यापेक्षा अर्धवट नियम जास्त घात करतो, कारण तो पुष्कळ वेळा बरोबर उत्तर देतो. म्हणून आज आपण त्याच्या मुळाशी जाऊ.

(सूत्रात अशी मराठी अक्षरे पाहून बिचकू नका. शाळेत तुम्ही रोमन अक्षरे वापरता, पण समीकरणाला लिपीचे काही सोयरसुतक नसते. इसवी सन ११५० मध्ये भास्कराचार्य अज्ञात राशींना यावत्‌तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे देत आणि लिहिताना या, का, नी, पी एवढीच आद्याक्षरे घेत. काळा, निळा, पिवळा! अज्ञातांना रंगांची नावे देण्याची ही कल्पना मला क्ष आणि य पेक्षा अधिक रसाळ वाटते.)

समीकरण म्हणजे काय? ते म्हणजे तोललेला तराजू. डाव्या पारड्यात जे आहे त्याचे मोल उजव्या पारड्यातल्या मोलाइतकेच आहे, एवढेच ते '=' हे चिन्ह सांगते. आता वाण्याच्या दुकानातल्या तराजूची एका पारड्यातली वस्तू उचलून दुसऱ्या पारड्यात टाकली तर काटा सरळ राहील काय? मुळीच नाही! मग समीकरणात एखादे पद 'पलीकडे नेले' असे आपण म्हणतो तेव्हा खरे काय घडते? काहीही पलीकडे जात नाही. दोन्ही पारड्यांतून आपण सारखेच काढून घेतो.

श = स + त × क, यात दोन्ही बाजूंतून स वजा करा. डावीकडे श − स राहिले, उजवीकडे स गेला आणि त × क उरले. पाहणाऱ्याला मात्र वाटते, स उडी मारून डावीकडे गेला आणि उडी मारताना त्याचे चिन्ह बदलले. आता उरले श − स = त × क. इथे क हा त ला मिळवलेला नाही, गुणलेला आहे. तो काढायचा तर वजाबाकीचा उपयोग नाही. दोन्ही बाजूंना क ने भागले पाहिजे. डावीकडची बाजू अख्खी भागायची, म्हणून श − स भोवती कंस हवा. दुसऱ्या प्रकारचे उत्तर लिहिणाऱ्यांनी फक्त स ला भागले आणि श ला सोडून दिले. दोन भावांचे सामाईक कर्ज एकाच्याच माथी मारावे तसे हे झाले.

आता कोणते पद आधी काढायचे? स आधी की क आधी? आई डबा भरते तेव्हा आत पोळी ठेवते, मग झाकण लावते, मग वरून फडके बांधते. शाळेत डबा उघडताना तुम्ही आधी फडके सोडता, मग झाकण काढता. शेवटी केलेली क्रिया आधी उलटायची. आपल्या सूत्रात त वर आधी क चा गुणाकार झाला, मग स मिळवला गेला. म्हणून आधी स उलटा, मग क. ही उलट्या पावलांनी परतण्याची रीत फार जुनी आहे. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने ती आपल्या गणितपादात दिली आहे : गुणक असेल तो भाजक होतो, भाजक असेल तो गुणक होतो, मिळवलेले वजा होते, वजा केलेले मिळवले जाते. भास्कराचार्यांनी लीलावतीत हिलाच व्यस्तविधी म्हटले आहे. 'चिन्ह बदलते' हा आपला शाळकरी नियम म्हणजे या चार कलमांतली फक्त दोन कलमे. गुणाकार-भागाकाराची दोन कलमे वाटेत कुठे तरी सांडली!

उत्तर आल्यावर ते तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. अक्षरांच्या जागी मापांची एकके घाला. (श − स) ÷ क म्हणजे मीटर प्रतिसेकंद भागिले सेकंद. त्वरणाचे एकक हेच. आणि श − स − क? मीटर प्रतिसेकंदातून सेकंद वजा करायचे! तीन किलो साखरेतून दोन तास वजा करण्यासारखेच हे.

समीकरणात जे अक्षर एका बाजूला एकटे उभे असते त्याला सूत्राचा कर्ता म्हणतात. सूत्र तेच, पण कर्ता बदलला की प्रश्न बदलतो, आणि कधी कधी असा प्रश्न विचारता येतो की जो सूत्र लिहिणाऱ्याच्याही मनात नसेल. याचा धडा मला एका प्रयोगशाळेत मिळाला. तो धडा थोडा लाजिरवाणा आहे, पण सांगतो.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी आम्हाला साध्या दोलकाचा प्रयोग होता. दोऱ्याला टांगलेला धातूचा गोळा, आकड्यापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत लांबी बरोबर १ मीटर, आणि हातात स्टॉपवॉच. दोलकाचा आवर्तकाल आ, लांबी ल आणि गुरुत्व त्वरण ग यांचे सूत्र असे :

आ = ६.२८३ × √(ल ÷ ग)

(६.२८३ म्हणजे पायची, अर्थात ३.१४१६ ची, दुप्पट. झोका लहान असला तरच हे सूत्र चालते.) आम्हाला हवा होता ग. डबा उघडण्याची रीत इथेही तीच. वर्गमूळ घालवण्यासाठी दोन्ही बाजूंचा वर्ग करा : आ² = ३९.४८ × ल ÷ ग. ग छेदात आहे, म्हणून दोन्ही बाजूंना ग ने गुणा : ग × आ² = ३९.४८ × ल. मग आ² ने भागा :

ग = ३९.४८ × ल ÷ आ²

एकाच आंदोलनाचा वेळ मोजणे कठीण, म्हणून २० आंदोलनांचा वेळ घेऊन त्याला २० ने भागायचे. माझा वेळ आला ३८.२ सेकंद. आवर्तकाल १.९१ सेकंद. ग आला १०.८२ मीटर प्रतिसेकंद वर्ग. पुस्तकात ९.८! शेजारचा मित्र म्हणाला, "अरे, ४०.१ लिही, ९.८२ येईल, आणि सुट." मी ३८.२ खोडले आणि ४०.१ लिहिले.

सर वही पाहायला आले. खोडलेला आकडा त्यांना दिसलाच. मला वाटले, आता बोलणी बसणार. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "आकडा कशाला खोडलास? तो बरोबर असेल आणि दुसरेच काही चुकले असेल. सूत्रालाच विचारू या." आणि त्यांनी माझ्या वहीत लिहिले : आंदोलनांची संख्या न मानू, एकूण वेळ क मानू. म्हणजे आ = क ÷ न. ही किंमत ग च्या सूत्रात घातली की

ग = ३९.४८ × ल × न² ÷ क²

"आता ग आपल्याला माहीत आहे असे समज. आपल्या भागात तो ९.७८ च्या आसपास असतो. तुझा ३८.२ हाही खरा मान. मग कर्ता कोणाला करायचे?"

"न ला," मी चाचरत म्हणालो.

न² = ग × क² ÷ (३९.४८ × ल)

३८.२ चा वर्ग १४५९.२४. त्याला ९.७८ ने गुणले की सुमारे १४२७१. त्याला ३९.४८ ने भागले की ३६१.५. आणि याचे वर्गमूळ? १९.०१!

मी २० नव्हे, १९ आंदोलने मोजली होती. गोळा सोडून स्टॉपवॉच चालू करतानाच मी 'एक' म्हटले होते. म्हणायला हवे होते 'शून्य'. सूत्राने माझी चूक नुसती पकडली नाही, तर ती कोणती ते बोट ठेवून दाखवले. (३६१.५ चे दुसरे वर्गमूळ −१९.०१ हेही गणिताला मान्य आहे. पण दोलकाने उणे एकोणीस झोके घेतले असे कोणी म्हणणार नाही. वर्ग केला की असे पाहुणे येतात. त्यांना ठेवायचे की घालवायचे हे प्रसंग पाहून ठरवावे लागते.)

सरांनी मला सगळा प्रयोग पुन्हा करायला लावला. तेव्हापासून आकडा पटला नाही तर तो खोडायचा नाही हे मी पाळत आलो आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत ९.८० अगदी नेमके आले की मला आनंदाऐवजी संशय येतो.

कर्ता बदललेले सूत्र आणखीही एक गोष्ट सांगते. ग च्या सूत्रात लांबी साधी आहे, पण आवर्तकालाचा वर्ग आहे. म्हणजे लांबी मोजताना शंभरात एकाची चूक झाली तर ग मध्येही शंभरात एकाची होते. वेळ मोजताना तीच चूक झाली तर ग मध्ये जवळपास दुप्पट होते. वीस झोक्यांत एक झोका चुकला, म्हणजे शंभरात पाच. आणि माझा ग चुकला शंभरात दहाने! काळजी कुठे जास्त घ्यायची हे प्रयोगाला बसण्यापूर्वीच सूत्र वाचून कळते. म्हणूनच मी सांगत असतो की, आकडे शक्य तितक्या उशिरा घाला, तोवर अक्षरांनीच काम चालवा. आकडे गुणाकारात मिसळून गेले की कोण कुठून आले ते कळत नाही. अक्षरे शेवटपर्यंत आपली ओळख राखतात.

दोलकाच्या याच सूत्रात एकदा लांबीला कर्ता केले गेले आणि पृथ्वीच्या आकाराचा प्रश्न उभा राहिला. १६७२ साली झाँ रिशे हा फ्रेंच निरीक्षक खगोलीय निरीक्षणांसाठी दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे गेला. हे ठिकाण विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम पाच अंशांवर आहे. पॅरिसमध्ये बरोबर चालणारा सेकंद-दोलक, म्हणजे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला एक सेकंद घेणारा दोलक, तिथे मागे पडू लागला. तो पुन्हा बरोबर चालावा म्हणून त्याची लांबी कमी करावी लागली : त्या काळच्या फ्रेंच मापाने सुमारे ४४० रेषांपैकी सव्वा रेषा, आजच्या मापाने जवळजवळ २.८ मिलिमीटर.

सूत्र ल साठी लिहा : ल = ग × आ² ÷ ३९.४८. सेकंद-दोलकाचा आवर्तकाल दोन्ही ठिकाणी २ सेकंदच. मग ल बदलला तर उजवीकडे बदलायला ग शिवाय कोण आहे? ४४० मध्ये सव्वा म्हणजे हजारात सुमारे तीन. म्हणजे कायेनला ग पॅरिसपेक्षा हजारात तीन भागांनी कमी असला पाहिजे. आजची मापे पाहा : पॅरिसला ९.८१, कायेनला ९.७८. उष्ण हवेत दोलक लांबला असेल, अशी शंका घेता येईल. न्यूटनने तिचा विचार केला होता आणि एवढा फरक उष्णतेने पडणार नाही असा निर्णय दिला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी फुगीर आहे, या आपल्या विवेचनात १६८७ च्या ग्रंथात त्याने रिशेचे हे निरीक्षण वापरले. तीन मिलिमीटरांपेक्षाही कमी लांबीचा फरक, आणि त्यातून पृथ्वीच्या घडणीकडे वाट निघाली!

आता एक वेगळ्या धाटणीचे सूत्र घेऊ. तुमच्यापैकी पुष्कळांचे गुण इथे जातात, हे मी उत्तरपत्रिका तपासून सांगतो. बहिर्गोल भिंगाने पडद्यावर प्रतिमा पडली आहे. वस्तूचे भिंगापासून अंतर व, प्रतिमेचे प, नाभीय अंतर न. चिन्हांचे संकेत तूर्त बाजूला ठेवून नुसती अंतरे घेतली तर

१ ÷ न = १ ÷ व + १ ÷ प

आता न काढा म्हटले की काही जण प्रत्येक पद उलटे करतात आणि लिहितात, न = व + प. व ३० सेंटिमीटर आणि प १५ सेंटिमीटर घेऊन पाहा. १/३० आणि १/१५ यांची बेरीज १/१०, म्हणजे नाभीय अंतर १० सेंटिमीटर. चुकीच्या रीतीने आले ४५! दोन्ही पारड्यांतला सगळा ऐवज एकदम उलटा करता येतो, पण उजव्या पारड्यातले जिन्नस एकेक करून उलटे करता येत नाहीत. आधी ते एका अपूर्णांकात बांधले पाहिजेत.

समजा, व ला कर्ता करायचे आहे. दोन्ही बाजूंतून १ ÷ प वजा करा, उरलेल्याला समान छेद द्या आणि मग पूर्ण बाजू उलटी करा :

व = न × प ÷ (प − न)

१० गुणिले १५ भागिले ५, बरोबर ३०. आता छेदाकडे नीट पाहा. प आणि न सारखे झाले तर छेद शून्य होतो. शून्याने भागता येत नाही, असे शाळेत बजावलेले असते आणि आपण तिथेच थांबतो. पण जरा पुढे जा. प हा न च्या अगदी जवळ आणा, समजा १०.१. मग व येतो १०१० सेंटिमीटर. प १०.०१ केला की व १०,०१० सेंटिमीटर, म्हणजे शंभर मीटर. छेद शून्याकडे जातो तसतशी वस्तू दूर दूर पळते. सूर्याचे किरण भिंगाने कागदावर एकवटून तुम्ही तो जाळला असेल, तेव्हा कागद नेमका नाभीय अंतरावर होता आणि वस्तू पंधरा कोटी किलोमीटरांवर होती.

एवढे वाचून तुम्हाला वाटेल की धीराने डबा उघडत गेले की कोणतेही अक्षर एकटे पाडता येते. तसे नाही. एक हट्टी समीकरण दाखवतो.

ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतो आणि त्याचा वेग सारखा नसतो. अमुक दिवशी तो कुठे असेल हे काढताना केप्लरला, १६०९ च्या सुमारास, हे समीकरण लागले :

म = ए − चपटेपणाचा अंक × ५७.३ × साइन ए

म हा कोन दिवसांवरून सहज मिळतो : ग्रह सारख्या वेगाने फिरला असता तर सूर्याला सर्वांत जवळच्या बिंदूपासून जितका कोन फिरला असता तितका. ए हा साहाय्यक कोन. तो मिळाला की ग्रहाची जागा मिळते. चपटेपणाचा अंक कक्षेप्रमाणे ठरतो, आणि ५७.३ हा अंश वापरल्यामुळे आलेला गुणक. म माहीत आहे, ए हवा आहे. करा ए ला कर्ता! ए दोन ठिकाणी आहे, एकदा उघडा आणि एकदा साइनच्या आत. बाहेरचा ए मोकळा करायला जावे तर आतला अडकतो, आतला सोडवायला जावे तर बाहेरचा. हे सरळ सुटणार नाही, कारण कोन आणि त्याची ज्या या भिन्न जातीच्या राशी आहेत, असे केप्लरनेच म्हणून ठेवले आहे. आपल्या ओळखीच्या क्रिया मोजक्या वेळा करून ए एकटा पडत नाही.

मग ग्रहाची जागा काढायचीच नाही? काढायची, पण युक्तीने. समीकरण अर्धवट सोडवून असे लिहा :

ए = म + चपटेपणाचा अंक × ५७.३ × साइन ए

उजवीकडे अजून ए आहे, असू द्या. समजा चपटेपणाचा अंक ०.२ आणि म = ३० अंश. उजवीकडच्या ए साठी सरळ ३० घाला. उत्तर येते ३५.७३. ते चूक आहे, पण ३० पेक्षा कमी चूक. आता उजवीकडे ३५.७३ घाला : ३६.६९. पुन्हा तेच : ३६.८५. पुन्हा : ३६.८७. पुन्हा : ३६.८८. यापुढे दुसरा दशांश हलत नाही. दर फेरीला चूक साधारण सहाव्या भागाइतकी होत जाते, म्हणून पाच फेऱ्यांत काम झाले. कृत्रिम उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेत कुठे आहे हे काढतानाही हेच समीकरण असते, आणि संगणकही ते असेच फेऱ्या घालत सोडवतो, फक्त फेऱ्या कमी लागाव्यात म्हणून तो याहून चलाख रीत वापरतो.

तुम्ही बुधासाठी करून पाहा. त्याच्या कक्षेचा चपटेपणाचा अंक ०.२०५६ आहे आणि सूर्याभोवतीची फेरी सुमारे ८८ दिवसांची. सूर्याजवळच्या बिंदूपासून निघून २२ दिवस झाले आहेत, म्हणजे म = ९०. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवायला विसरू नका. तीन फेऱ्यांत ए १०१.५ अंशांच्या आसपास स्थिरावला पाहिजे. आणि नाही स्थिरावला, तर वहीतला आकडा खोडण्याआधी तो कुठून आला ते पाहा.